चारशे अठरा पहिले

नेत्ररुग्णालयाच्या मोतीबिंदू विभागात एक यादी होती आणि ती बरोबर होती. विभागाची मुख्य अडचण तीच होती.

यादी बरोबर असल्यामुळे ज्याचा नंबर दोनशे दहावा, त्याला तो दोनशे दहावाच सांगावा लागे. ऐकणाऱ्याचा चेहरा पडे, तो नोंदणीच्या कारकुनाला चार शब्द सुनावी, आणि वर्षाअखेरीस अहवालात 'रुग्णांचे समाधान' या रकान्यापुढे एकोणतीस टक्के हा आकडा येई. तो वाढावा म्हणून संचालकांनी जंग जंग पछाडलं होतं. प्रतीक्षा कक्षाला फिकट निळा रंग दिला, खुर्च्यांची तोंडं भिंतीकडून दाराकडे फिरवली, कारकुनांना हसण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. ऑपरेशनं वाढवावीत असंही एका टिपणीत कुणीतरी सुचवलं होतं, पण 'सूचना विषयाला धरून नाही' असा शेरा मारून ती परत पाठवण्यात आली.

ही यादी सांभाळणाऱ्या बाईंना सगळं रुग्णालय यादीबाई म्हणे. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी संगणकात एक क्वेरी लिहून ठेवली होती. क्वेरी म्हणजे संगणकाला विचारलेला प्रश्न. यादीबाईंचा प्रश्न साधा होता: सगळ्या रुग्णांना नोंदणीच्या तारखेनं उभं कर, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नंबर दे, आणि प्रत्येकाला त्याच्या पुढच्या माणसाचं ऑपरेशन कधी आहे तेही सांग. अशा हिशेबाला संगणकवाले विंडो फंक्शन म्हणतात. यादीबाई त्याला 'आपली रांग' म्हणायच्या. सतरा वर्षांत ती रांग एकदाही चुकली नव्हती, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

त्या रांगेत त्रेपन्नाव्या नंबरवर यादीबाईंचे सासरे उभे होते. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घराच्या मागच्या खोलीत ते रोज संध्याकाळी अकरा मुलांना फुकट शिकवत. गेल्या वर्षभरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. वही नाकाला लावली तरी पानावर करड्या मुंग्या चालल्यासारखं काहीतरी दिसे. आणि जी चूक आपल्याला दिसत नाही तिचे मार्क कापणं मास्तरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वहीवर दहापैकी दहा पडू लागले. मुलं खूश झाली, पालक त्याहून खूश झाले. मास्तरांच्या हाताखाली पोर दहात दहा काढतं, ही बातमी पसरली आणि अकरा मुलांची एकोणतीस झाली. मास्तरांनी पालकांना बोलावून सांगितलं की मला दिसत नाही म्हणून हे मार्क आहेत. पालक एकमेकांना म्हणाले, खरी विद्वान माणसं अशीच नम्र असतात.

मुलांची वार्षिक परीक्षा नऊ आठवड्यांवर आली होती. मास्तरांना घास गोड लागेना.

"सूनबाई, मी त्या पोरांना फसवतोय," ते एकदा जेवता जेवता म्हणाले. "परीक्षेआधी महिनाभर जरी डोळे मिळाले, तरी कुणाचं कुठे चुकतंय ते धरता येईल."

यादीबाईंनी हिशेब करून सांगितलं: दर मंगळवारी बारा आणि शुक्रवारी बारा ऑपरेशनं होतात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुमचा नंबर. मास्तरांचं समाधान झालं. सूनच यादीवर बसली आहे तर नंबर थोडा पुढे सरकवून घ्या, असं एका शेजाऱ्यानं सुचवलं होतं. त्या शेजाऱ्याशी मास्तर आठवडाभर बोलले नाहीत.

त्याआधी, महिन्याच्या सुरुवातीलाच, संचालक एका परिषदेला जाऊन आले होते. तिथे त्यांनी डॅशबोर्ड, म्हणजे आकडे रंगीत चौकटींत दाखवणारा स्क्रीन, पाहिला. परत आल्यावर त्यांनी परिपत्रक काढलं की यापुढे रुग्णालयात याद्या राहणार नाहीत, फक्त दृश्यं राहतील. जुना सर्व्हर महिनाअखेर बंद होईल. त्यातल्या बेचाळीस क्वेऱ्यांचे डॅशबोर्डच्या फॉर्म्युल्यांत 'जसेच्या तसे, परंतु आधुनिक पद्धतीने' रूपांतर करण्यात यावे.

रूपांतरासाठी बाहेरून एक सल्लागार आले. त्यांच्या गळ्यात पट्टा होता आणि पट्ट्याला तीन ओळखपत्रं होती. यादीबाईंची क्वेरी त्यांनी वरून खाली एकदा पाहिली आणि म्हणाले की हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते खरं होतं. अर्ध्या तासात झालं.

यादीबाईंनी नवा फॉर्म्युला दोनदा वाचला. मग मास्तर मुलांना समजावत तसं त्यांनी सल्लागारांना समजावलं. वर्गातली मुलं उंचीनं उभी करा, त्यांना नंबर द्या आणि मग एकेकाला बाजूला घेऊन विचारा, तुझा नंबर किती? कुणी पाच सांगेल, कुणी अकरा. ही झाली जुनी क्वेरी. आता उलटं करा. एकेका मुलाला आधी बाजूला घ्या, तिथे त्याला एकट्यालाच उंचीनं उभं करा आणि मग नंबर द्या. तुमचा फॉर्म्युला हे करतो. जो बघतोय त्याला जेवढं दिसतं, तेवढ्यातच तो नंबर लावतो. आणि रुग्णाला आपल्या लॉगिनवर स्वतःखेरीज कुणीच दिसत नाही.

सल्लागारांना उदाहरण फार आवडलं. त्यांनी ते आपल्या सादरीकरणात घेतलं, सोबत हसऱ्या मुलांचं चित्रही टाकलं. फॉर्म्युला मात्र तसाच ठेवला, कारण तो चाचणीत उत्तीर्ण झाला होता. चाचणी त्यांनी स्वतःच्या लॉगिनवरून घेतली होती. त्या लॉगिनला सगळे रुग्ण दिसत, त्यामुळे एकपासून चारशे अठरापर्यंत नंबर अगदी बरोबर आले होते.

"एखाद्या रुग्णाच्या लॉगिनवरून बघितलंत का?" यादीबाईंनी विचारलं.

"मॅडम, चाचणी आराखड्यात रुग्ण नाहीयेत," सल्लागार म्हणाले.

एक तारखेला डॅशबोर्ड सुरू झाला. मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी असल्यामुळे त्यावरची अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी, अशी सौम्य ठेवली होती. पण जो पहिला असेल त्याचा नंबर मोठ्या हिरव्या आकड्यात दाखवायची सोय होती, आणि तो आकडा सगळ्यांना स्पष्ट दिसला. चारशे अठरा घरांत त्या सकाळी मोठ्या हिरव्या आकड्यात एक दिसला. त्याखाली अपेक्षित प्रतीक्षा होती शून्य दिवस. पुढच्या माणसाच्या तारखेवरून ती काढायची होती. पुढे माणूसच नसल्यामुळे उत्तर कोरं येत होतं, आणि कोरी जागा वाईट दिसते म्हणून सल्लागारांनी तिथे शून्य भरलं होतं.

मास्तरांनी नंबर सुनेला पुन्हा वाचायला लावला. एकच होता. काल त्रेपन्न होता, मग मधल्या बावन्न जणांचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. यादीबाई पदर खोचून रुग्णालयात गेल्या.

प्रतीक्षा कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. चारशे अठरा माणसं उपाशीपोटी, कपड्यांची पिशवी घेऊन, सोबत एकेक नातेवाईक घेऊन आली होती. कुणाचीच तक्रार नव्हती. जो तो शेजाऱ्याकडे दयेनं बघत होता, कारण आपण पहिले म्हटल्यावर हा दुसरा तरी असणार, नाहीतर त्याच्याही मागचा.

यादीबाई तडक संचालकांकडे गेल्या.

"साहेब, सगळ्यांचा नंबर पहिला येतोय."

"मग अडचण काय आहे?"

"सगळेच पहिले कसे असतील?"

"बाई," संचालक शांतपणे म्हणाले, "सतरा वर्षं तुम्ही लोकांना मागे ठेवलंत. आता ते पुढे आले तर तुम्हाला बघवत नाहीये का?"

त्यांनी आपला स्क्रीन यादीबाईंकडे वळवला. त्यावर मोठी हिरवी चौकट होती. सरासरी प्रतीक्षा क्रमांक एक, सरासरी प्रतीक्षा शून्य दिवस, रुग्णांचे समाधान सत्त्याण्णव टक्के. उरलेले तीन टक्के म्हणजे ज्यांना फिकट अक्षरांतला समाधानाचा प्रश्न दिसला नव्हता ते.

ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र एक बारीकसा पेच उभा राहिला. थिएटरचा नियम होता की क्रमांक एकचा रुग्ण आत घ्यावा. क्रमांक एकचे रुग्ण चारशे अठरा आल्यास काय करावे, यावर नियम मौन बाळगून होता. मुख्य नर्सनं मार्गदर्शन मागवलं आणि मार्गदर्शन येईपर्यंत कुणालाच आत घेतलं नाही. त्या मंगळवारी एकही ऑपरेशन झालं नाही. शुक्रवारीही झालं नाही. विजेच्या खर्चात मोठी बचत झाली आणि ती बचतही डॅशबोर्डवर हिरव्या रंगात दिसू लागली.

यादीबाईंनी फॉर्म्युला दुरुस्त करावा अशी टिपणी 'आदेशार्थ सादर' केली. ती सात अधिकाऱ्यांकडून जायची होती. पहिल्या अधिकाऱ्यानं ती बारकाईनं वाचली आणि सहज विचारलं की कर्मचाऱ्यांच्या कार्यक्षमतेचा क्रमांकही याच फॉर्म्युल्यानं लागतो का. लागतो, असं यादीबाईंनी सांगितलं. मग अधिकाऱ्यानं आपला स्क्रीन पाहिला. तिथे तो पहिला होता. नोकरीच्या एकवीस वर्षांत प्रथमच. "यात घाई नको," तो म्हणाला, आणि फाईल अवलोकनार्थ ठेवून घेतली. स्मरणपत्रं पाठवून पुढे सरकवल्यावर दुसऱ्या अधिकाऱ्यानंही असाच आपला स्क्रीन पाहिला. तिसऱ्यानं फाईल न वाचताच आधी स्क्रीन पाहिला. यादीबाईंनाही राहवलं नाही, त्यांनी एकदा स्वतःच्या नावानं उघडून बघितलं. त्याही पहिल्या होत्या. चूक आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी त्या दिवशी तो स्क्रीन बंद करायला त्यांना जरा वेळ लागला.

तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयाला 'प्रतीक्षामुक्त' हा दर्जा मिळाला. ढाल आली. ती ठेवायला जागा हवी म्हणून प्रतीक्षा कक्षातल्या खुर्च्यांची एक ओळ काढावी लागली. घरी मास्तर वह्यांवर दहापैकी दहा देत होते आणि दर वेळी पेन खाली ठेवून बोटांनी दिवस मोजत होते. परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. त्यांची ऑपरेशनची पाळी याच आठवड्यात येऊन गेली असती.

शेवटी यादीबाईंनी आपल्या कपाटातून जुन्या यादीची शेवटची छापील प्रत काढली आणि सरळ प्रतीक्षा कक्षाच्या दारावर चिकटवली. चारशे अठरा नावं, चारशे अठरा नंबर. लोकांना खरं काय ते कळलं की ते आपणहून रांग लावतील, असं त्यांना वाटलं होतं.

लोकांनी नातेवाइकांकडून यादी वाचून घेतली. मग एक निवृत्त पोस्टमन पुढे आला. "काल मी पहिला होतो," तो म्हणाला. "तुम्ही कागद लावलात आणि मी दोनशे चौथा झालो. मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

त्या दिवशी चारशे सतरा तक्रारी नोंदल्या गेल्या. राहिली ती फक्त यादीतली खरी पहिली, एक इस्त्रीवाली आजी. तिचा नंबर काल एक होता आणि आजही एकच होता. तिला वाटत होतं की तक्रार तर तिनंच करायला हवी. 'मी सगळ्यांच्या आधी नाव घातलं,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, 'आणि इतके दिवस हे सगळे माझ्याएवढेच कसे?' पण तिचं म्हणणं कुठल्या रकान्यात लिहावं हे कारकुनाला ठरवता आलं नाही.

यादी संध्याकाळच्या आत काढण्यात आली. चारशे सतरा रुग्णांचे क्रमांक एकतर्फी व विनापरवाना घसरवल्याबद्दल यादीबाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. त्या खुलाशासाठी एक समिती नेमली गेली. समितीनं असा मध्यम मार्ग काढला की सर्वांचा क्रमांक पहिलाच ठेवावा, कारण तो लोकांना मान्य आहे. आणि आत सोडण्यापुरता एक वेगळा 'प्रवेश क्रमांक' देण्यात यावा. प्रवेश क्रमांकाचं काम सल्लागारांना दिलं गेलं. त्यांच्याकडे फॉर्म्युला तयारच होता. पाचव्या आठवड्यात चारशे अठरा जणांचा प्रवेश क्रमांकही एक आला, आणि 'यंत्रणेत सुसंगती आहे' असं समितीनं समाधानानं नमूद केलं.

सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी मास्तर सुनेबरोबर रुग्णालयात आले. परीक्षा जेमतेम तीन आठवड्यांवर होती. कक्षात नेहमीसारखी माणसं बसून होती, प्रत्येक जण आपल्याला हाक येईल म्हणून अर्धा उठलेला. मास्तर दाराशी उभे राहिले. मग त्यांनी चाळीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज काढला. तो आवाज मोठा नव्हता, पण तो ऐकल्यावर माणूस आपोआप सरळ बसे.

त्यांनी कुणालाही नंबर विचारला नाही. एवढंच विचारलं की ज्या दिवशी तुम्ही नाव घातलंत, त्या दिवशी तुमच्या अगदी पुढे कोण उभं होतं ते आठवतं का.

सगळ्यांना आठवत होतं. माणूस आपल्या मागचा पार विसरतो, पण पुढचा कधीच विसरत नाही. कुणाच्या पुढे काठीवाले आजोबा होते, कुणाच्या पुढे एक बाई उगाच वेळ खात होती, कुणाच्या पुढे एक माणूस मधूनच घुसला होता आणि त्याचा राग अजून गेला नव्हता. नोंदणीच्या दिवशी सकाळी जो सगळ्यांत आधी आला होता, त्याला आदल्या दिवशीचा शेवटचा माणूस यादीबाई सांगत गेल्या. मास्तर म्हणाले, मग त्या माणसाला शोधा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवा. दुसरं काही करायचं नाही.

तीन तास लागले. आवारात चारशे सोळा अधू डोळ्यांची माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, कक्षातून पायऱ्यांवरून खाली, औषधांच्या दुकानाला वळसा घालून थेट सायकलींच्या शेडपर्यंत. सगळ्यांत पुढे इस्त्रीवाली आजी होती. तिच्यापुढे कुणीच नसल्यामुळे तिनं हात कमरेवर ठेवला होता. यादीबाईंनी आपली छापील प्रत घेऊन टोकापासून टोकापर्यंत ताडून पाहिलं. साखळी फक्त दोन ठिकाणी तुटत होती. ती दोन माणसं गेल्या पाच आठवड्यांत वारली होती. डॅशबोर्डवर त्यांचा नंबर अजून पहिलाच होता.

मास्तर स्वतः यादीप्रमाणे त्रेपन्नावे. पण ते दोघं त्यांच्या पुढचे निघाले, त्यामुळे आता एक्कावन्नावे. त्यांनी ते दोनदा मोजून घेतलं आणि आपल्या पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

ऑपरेशन करणारे डॉक्टर पाच आठवडे हात धुऊन बसले होते. आवारात एवढी शांतता कशी म्हणून ते बाहेर आले, रांग पाहिली आणि पुढचे बारा जण आत घेऊन गेले. कुणाला काही विचारलं नाही. मुख्य नर्सनं नोंदवहीत 'क्रमांक एकच्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली' असं बारा वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ते नियमाला धरून होतं.

संचालकांना अतोनात आनंद झाला. डॅशबोर्डमुळे ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली असं पत्र त्यांनी वर पाठवलं. सोबत एक सूचनाही काढली की प्रतीक्षामुक्त रुग्णालयात रांग दिसणे योग्य नव्हे, तरी ती धुण्याच्या खोलीमागे लावण्यात यावी.

आठव्या आठवड्यात, धुण्याच्या खोलीमागून, मास्तरांचा नंबर लागला. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. परीक्षेला आठ दिवस होते.

त्या संध्याकाळी मास्तरांनी एकोणतीस वह्या समोर घेतल्या. पहिल्या वहीत सातच्या पाढ्यात सात चोक सव्वीस होते. दुसऱ्या वहीत हातचा घ्यायचाच राहिला होता, सगळ्या पानांवर. मास्तरांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर फार आनंदही झाला, कारण प्रत्येक चूक लख्ख दिसत होती आणि प्रत्येकीवर इलाज होता. त्यांनी लाल पेन घेतलं. कुणाला दहापैकी चार, कुणाला तीन, एकाला साडेपाच. प्रत्येक चुकीशेजारी बारीक अक्षरात ती कशी सुधारायची ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर पालकही आले. ते भांडायला आले नव्हते, त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. त्यांनी आपसात बोलून एका वडीलधाऱ्या बाईंना पुढे केलं.

"मास्तर, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण ऑपरेशन बिघडलं वाटतं. आधी तुम्हाला किती छान दिसायचं."

मास्तरांनी समजावून सांगितलं, वह्या उघडून दाखवल्या, सात चोक किती ते बोटांवर मोजून दाखवलं. पालकांनी सगळं आदरानं ऐकून घेतलं. चार घरं पलीकडे एका निवृत्त बाईंनी नुकतीच शिकवणी सुरू केली होती. त्यांच्या डोळ्यांवरही पडदा येऊ लागला आहे असं ऐकिवात होतं. सव्वीस मुलं तिकडे गेली. तीन उरली. त्यांच्या पालकांना निरोप उशिरा मिळाला होता, असं नंतर कळलं. मास्तरांनी त्या तिघांना जवळ बसवलं आणि उरलेल्या दिवसांत होईल तेवढं म्हणून सातच्या पाढ्यापासून सुरुवात केली.

इथपर्यंत वाचताना तुमच्या मनात आलंच असेल की आपण असतो तर मास्तरांकडून आपलं मूल काढलं नसतं. आम्हीही वाचकांना हे विचारून पाहिलं, एकेकाला बाजूला घेऊन. आतापर्यंत एकानंही काढलेलं नाही.